सात खड्यांचा डबा

मलकापूर (कराड),
ता. ९ जानेवारी १९७७, रविवार

मा. लालासाहेब,
विमा कचेरी, सांगली.

खड्, खड्, खडाक्.

पत्र्याच्या डब्यात सात खडे हलले की असा आवाज होतो. चौतीस वर्षं झाली, पण तो आवाज कानातून गेलेला नाही. जबलपूरचं मैदान, सकाळचं धुकं, पलटणीचं टपाल पोचवायला शिकणारे आम्ही वीस मोटरसायकलवाले, आणि प्रत्येकाच्या सीटमागं सुतळीनं बांधलेला एकेक डबा. मैदानाच्या मधोमध उस्ताद डोळे मिटून उभे. ते आम्हाला बघत नसत, ऐकत असत. कुणी गाडीला हिसका दिला, घाबरून ब्रेक मारला, वळणावर दचकला, की डबा लगेच चुगली करायचा. "डब्बा बोला, नाथाजी. तू फेल." हे मी एकवीस दिवस ऐकलं. बाविसाव्या दिवशी डबा बोलला नाही, आणि मैदानाकडेच्या लिंबावर एक पाखरू रोज ओरडत असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

हे आपणास लिहिण्याचं कारण, आपलं पत्र पोचलं. वर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, खाली आपली सही आहे. त्या सहीतला 'ल' मी स्वतः पाटीवर गिरवून घेतलेला असल्यामुळं ओळखायला त्रास पडला नाही.

आपण लिहिता, "मोटरसायकलस्वारांनी विशेष प्रशिक्षण घेतल्यास विम्याच्या हप्त्यात सूट देण्याची दरपत्रकात तरतूद नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

फार छान. आता माझं ऐका. आपल्या दरपत्रकात, वर्षभरात नुकसानभरपाई मागितली नाही तर सूट मिळते. म्हणजे ज्यानं गाडी वर्षभर गोठ्यात कडब्याखाली झाकून ठेवली, त्याला सूट. आणि ज्यानं रोज चाळीस मैल उसाच्या गाड्यांच्या रांगेतून, कुत्री-शेळ्या चुकवत नीट चालवली, त्यालाही तेवढीच सूट. झोपलेला आणि जागा, दोघांना एकच मार्क! मी अठ्ठावीस वर्षं शाळेत काढली, पण असा पेपर तपासणारा मास्तर पाहिला नाही.

प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. इथल्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात दहा मोटरसायकली आहेत. उसाच्या नोंदी घ्यायला, तोडीच्या चिठ्ठ्या वाटायला माणसं दिवसभर रानोमाळ फिरतात. गेल्या हंगामात त्यातले चौघे पडले. मी म्हटलं, रिकामा म्हातारा आहे, फौजेत शिकलोय, फुकट शिकवतो. मॅनेजर म्हणाले, "मास्तर, विमा कचेरी एक रुपया जरी सोडत असेल तर खुशाल शिकवा. न्हाईतर कामाचा वेळ कशाला मोडायचा?" एक एप्रिलला त्या दहाही गाड्यांचा विमा नवा होतो. म्हणून तो अर्ज केला होता.

आपल्या टाइप केलेल्या मजकुराखाली पेनानं एक ओळ आहे. "शिकलेला माणूस जास्त जोरात जातो, असा अनुभव आहे." ही ओळ कचेरीची नव्हे, हे मला कळतं. तिचं उत्तर मी देणार नाही. पण चौदा महिन्यांत तुमच्या घरातून आलेली ती पहिली ओळ आहे, तेव्हा कागद जपून ठेवला आहे.

अर्ज निकाली निघाला असेल, मी निघालेलो नाही.

आपला,
नाथाजी, निवृत्त शिक्षक

ता. क. तुझी आई चुलीपुढून ओरडतेय, "आवं, लेकाला चार ओळी लिवा म्हटलं तर तुमी इम्याचा अर्ज लिवत बसलाय! धाकट्याचा पाय कसा हाय त्ये इचारा की." विचारलं, असं समजावं.


मलकापूर,
ता. ३० जानेवारी १९७७

लालासाहेब,

तुला 'आपण' म्हणून लिहिताना पेन अडखळतं, म्हणून आजपासून पुन्हा तू. तुझ्या कचेरीला राग आला तर येऊ दे.

मी शिकवायला सुरुवात केली. परवानगी नाही, सूट नाही, पेट्रोल ज्याचं त्याचं. शाळेमागच्या मोकळ्या रानात दर रविवारी सकाळी. दहापैकी सात जण येतात. त्यात दादासो आहे, तो शेतकी खात्यातला जाडा, जो बसला की गाडीचे स्प्रिंग हाय खातात. आणि बिराप्पा म्हणून एक आहे कवठे महांकाळकडचा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं, हा पहिला नोकरीला लागलेला. कमी बोलतो, पण बोलला की मला वहीत लिहून घ्यावंसं वाटतं.

सगळ्यांच्या सीटमागं डबे बांधलेत. गोडेतेलाचे डबे, प्रत्येकात सात खडे. पहिल्या रविवारी असा गलका झाला की शेजारच्या रानातली बैलं दावं तोडायला आली. दादासो म्हणाला, "आवं मास्तर, ही शिकवणी हाय का कडकलक्ष्मीची मिरवणूक?"

मी म्हटलं, "डबा बोलला की तू फेल."

"मग सरकार मला लगीन झाल्यापास्नंच फेल धरा," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, असं तुझ्या आईचं म्हणणं.

धडे तेच, अकरा. प्रत्येक धड्याची कविता केलेली आहे, ती तुला आठवत असेलच.

चढण्याआधी फेरी मार,
हवा, साखळी, ब्रेक नि तार;
न पाहता जो मारी किक
त्याला सांगा, चालाया शीक!

आणि चौथा धडा, वळणाचा:

वळणाआधी वेग उतरव, मग वळणाचा कसला धाक?
नजर जिथे तू ठेवशील रे, तिथेच जाइल तुझे चाक.

माझा विश्वास अजून तोच आहे. नियम सांगितला तर माणूस मान डोलावतो आणि विसरतो. पण त्याला चाल लावली की तो हाडात शिरतो. चौथीच्या वर्गात दुपारी शेवटच्या तासाला चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, तेव्हा कौलं हलल्यासारखी वाटायची. रस्त्यानं जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. धाकटा अर्जुना चौथीत आला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, डोळे मिटून, मान वर करून, चिमणीचं पिल्लू चोच उघडतं तसा. आणि त्याच्या आधी तू? तू मागच्या बाकावर बोटं मोजत बसायचास आणि तास संपला की यायचास, "आबा, तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त हाय." तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू विमा कचेरीत जाणार.

वळणाचा धडा सांगितला तेव्हा बिराप्पा म्हणाला, "मास्तर, मेंढरं हाकताना बी असंच असतंय. पायाखाली बघितलं की ठेच लागती. म्होरं बघितलं की पाय आपलं आपण बघत्यात." बघ. याला कुणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

तुझ्या त्या पेनाच्या ओळीला उत्तर देणार नाही म्हटलं होतं, तरी एवढं लिहितो. शिकलेला माणूस जोरात जातो, हे खरं नाही. अर्धं शिकलेला जातो. अर्जुनाला मी हेच अकरा धडे दिले होते. अकराच्या अकरा. तू काहीही म्हण.

तुझी आई विचारते, अर्जुना तुझ्याकडं नीट जेवतो का. त्याला मुळ्याची भाजी घालू नये, त्याला ती चालत नाही.

आबा


मलकापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७७

लालासाहेब,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन मला लांबूनच हात हलवून 'न्हाई' करतो, सायकलवरून उतरतसुद्धा नाही. हरकत नाही. जबलपुरात मी एकवीस दिवस फेल झालेला माणूस आहे.

आज एक बातमी आहे, ती तुझ्या कचेरीनं नोंदवून घ्यावी. मंगळवारी बिराप्पा चिठ्ठ्या वाटून येत होता. समोरून उसाच्या बैलगाड्या, आणि त्यांना ओलांडून एक निवडणुकीची जीप, कर्णा लावलेली, अर्ध्या रस्त्यावर याच्या अंगावर. जीपमधला माणूस कर्ण्यातून लोकांना हात जोडत होता, पुढं बघायला त्याला सवड कुठली! बिराप्पा ना ओरडला, ना त्यानं ब्रेक आवळला. जीपकडं बघितलंच नाही. जीप आणि गाडीबैल यांच्या मधल्या हातभर जागेकडं बघितलं आणि तिथून निघून आला. पुढं जाऊन गाडी लावली, विडी पेटवली. दादासो मागून येत होता, त्यानं सगळं पाहिलं. म्हणाला, "मास्तर, डबा वाजला न्हाई बगा. माझ्या छातीतला वाजला."

आता मला सांग. हा अपघात झाला असता तर तुझ्या कचेरीत त्याला फॉर्म आहे, पंचनामा आहे, पाहणीला माणूस आहे. न झालेल्या अपघाताचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो? तो मी आजच भरून देतो. गाडीचं नुकसान, नाही. बैलाचं नुकसान, नाही. घरी दोन पोरी बापाची वाट बघत होत्या, त्यांना बाप वेळेवर मिळाला. ह्या रकान्यात काय लिहायचं, ते कळवावं.

असं मी आज सकाळी रानात सगळ्यांपुढं मोठ्यानं बोललो. मग दादासोनं विचारलं, "मास्तर, धा धडं झालं. अकरावा कवा?"

मी म्हटलं, तो नंतर.

"आवं, नंतर कवा? एक एप्रिल जवळ आला. पाटाला पाणी हाय, बांध जरा फोडला की ह्ये रान चिखल व्हतंय." बिराप्पा तर खोरं घेऊन निघालाही होता. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. म्हटलं, आज माझी पाठ दुखतेय. आणि घरी निघून आलो. सातही जण माझ्याकडं बघत राहिले असणार, मी मागं वळून पाहिलं नाही.

माझी पाठ दुखत नाही.

अर्जुनाच्या अपघातानंतर मिरजेच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तू मला जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "तुमच्या त्या डब्यानं पाय नेला त्याचा." बाकड्यावर बसलेल्या बायका आपल्याकडं वळून बघायला लागल्या होत्या. त्याआधी आत, खाटेपाशी, मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मला नीटसं आठवत नाही.

आईनं डिंकाचे लाडू पाठवलेत, एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलेत. डबा परत पाठवू नये, घरात डबे भरपूर आहेत.

आबा


मलकापूर,
ता. १३ मार्च १९७७

लालासाहेब,

मला आठवतं.

हे पत्र मी चारदा लिहिलं आणि चुलीत घातलं. तुझी आई म्हणाली, "जाळण त्येवढं मिळालं, पर पत्र कवा मिळायचं लेकाला?" म्हणून हे पाचवं.

मे १९७५. अर्जुनाच्या जुन्या बुलेटचा विमा एक जूनला नवा करायचा होता. माझ्या डोक्यात वेड, की एका पोराच्या सर्टिफिकेटवर जरी सूट मिळाली तरी पायंडा पडेल आणि मग सगळ्या तालुक्याला मिळेल. दहा धडे झाले होते. पोरगं तयार होतं, फार सुंदर चालवायचं. त्याचा डबा वाजला नाही की मला जबलपूरचं ते पाखरू ऐकू यायचं. राहिला होता अकरावा, ओल्या रस्त्याचा. त्याला चिखल लागतो. पण मे महिना, पाट कोरडा, विहिरीचा तळ दिसत होता. पाणी आणायचं कुठून?

एकतीस तारखेला रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. मी सहज म्हटलं, अकरावी कविता म्हण बघू. त्यानं भाकरीचा घास हातात तसाच धरला आणि डोळे मिटून म्हटली, लहानपणी म्हणायचा तशी:

ओल्या वाटेवर ब्रेक न मारी, मूठ हळूहळू सोड;
चिखलाशी तू गोडीने बोल, चिखलाशी नसते होड.

एक अक्षर चुकला नाही. चाल मोडली नाही. आणि मी उठून, हात धुऊन, सर्टिफिकेट लिहिलं, 'अकराही धड्यांत उत्तीर्ण'.

पाठ झालं म्हणजे आलं, असं मी समजलो. अठ्ठावीस वर्षं ज्या चुकीसाठी मी दुसऱ्या मास्तरांना हसलो, ती माझ्या हातून माझ्याच घरात झाली. कविता झाली होती. धडा झाला नव्हता.

लालासाहेब, सातवीला गणितात एका गुणासाठी मी तुला नापास केलं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, 'नाथाजी, द्या एक गुण, तुमचाच पोरगा आहे.' मी म्हटलं, म्हणूनच देत नाही. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस, शेणाच्या ढिगामागं बसून रडायचास, मी पाहिलं होतं. आणि त्याच बापानं धाकट्याला आख्खा धडा सोडून दिला. त्यानं सुरात म्हटलं म्हणून. हे तुला सांगायला मला बावीस वर्षं लागली आणि एक पाय लागला.

सूट तर मिळाली नाहीच. पण अर्जुना कारखान्यात नोकरीला, म्हणून सर्टिफिकेटची एक नक्कल मी मिरवत तिथंही दिली होती. नोव्हेंबरात पाट फुटला, रस्त्यावर पाणी आलं, वर उसाचं पाचट पसरलेलं, खालचा चिखल दिसेना. पोरानं ब्रेक आवळला, गाडी घसरून उजव्या पायावर आली. मग कारखान्याचे चौकशीचे दोघे जण मिरजेला आले. खाटेपाशी उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, ओल्या रस्त्याचं शिकवलं व्हतं न्हवं?" अर्जुना प्लास्टरमध्ये पडून माझ्याकडं बघत होता. त्याला एवढंच बघायचं राहिलं होतं, की आबा काय म्हणतात.

मी म्हणालो, "शिकवलं होतं. तो विसरला."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बस. त्या माझ्या वाक्यावर कारखान्यानं 'निष्काळजीपणा' लिहिला आणि त्याची नोकरी गेली. दवाखान्यातून तो तुझ्याकडं आला, इकडं आला नाही, आणि मी गावाला सांगत फिरलो की सांगलीला औषधपाणी चांगलं आहे.

तू म्हणालास, डब्यानं पाय नेला. नाही. तू चूक होतास आणि मी तुला चूक राहू दिलं, कारण खरं त्याहून वाईट होतं. मी जे शिकवलं त्यानं त्याला काही झालं नाही. जे शिकवलं नाही, त्यानं नेला.

आता तू म्हणशील, म्हातारा रडतोय. रडत नाही. मी भांडतोच आहे. तुझ्या कचेरीच्या भाषेत मांडतो. दहा धडे शिकवले, त्या दहांत तो एकदाही पडला नाही. एक शिकवला नाही, नेमका तिथंच पडला. शिकवण्यानं फरक पडतो, याला ह्याहून मोठा पुरावा तुझ्या साहेबांना कुठला पाहिजे? मी चुकलो. माझं म्हणणं चुकलेलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी मी एकाच सहीनं लिहून द्यायला तयार आहे.

आणि दिल्या. गुरुवारी कारखान्यात गेलो. मॅनेजरपुढं अर्ज ठेवला, की माझं सर्टिफिकेट अकराव्या धड्यापुरतं खोटं होतं, ते रद्द करावं, आणि अर्जुनाच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' खोडून माझ्या नावापुढं लिहावा. मॅनेजरनी कागद वाचला. "मास्तर, सोळा महिन्यांनी? आता ह्येचा काय उपेग?"

मी म्हटलं, "उपयोग तुम्ही बघा. पेपर चुकीचा तपासला होता, तो लाल शाईनं दुरुस्त करतोय. मास्तराला एवढंच येतं."

बाहेर दादासो उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. त्यानं मला गाडीवर मागं बसवलं आणि घरापर्यंत आणलं, आणि लालासाहेब, डबा एकदाही वाजला नाही.

हे पत्र अर्जुनाला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी 'दाखव' म्हणत नाही. तेवढा अधिकार मी त्या खाटेपाशी ठेवून आलो.

एकच विचारतो. गुडघा वाकत नाही, हे कळलं. घोटा हलतो का? बुलेटची किक उजव्या पायाची. जावा गाडीची डाव्या पायाची असते. बाकी काही नाही, सहज आठवलं.

आबा


मलकापूर,
ता. ३ एप्रिल १९७७

लालासाहेब,

तुझ्या कचेरीचं दुसरं पत्र आलं. तेच वाक्य, तोच शिक्का, 'तरतूद नाही'. ह्या वेळी खाली पेनाची ओळ नव्हती. कागद उलटा करून पाहिला. उन्हात धरून पाहिला. नव्हती.

ठीक. नका देऊ सूट. दहाही गाड्यांचा हप्ता परवा पुरा भरला गेला. मॅनेजर म्हणाले, "मास्तर, न्हाई झालं न्हवं काम?" मी म्हटलं, दरपत्रक बदलेल कधीतरी, मी असेन नसेन, तोवर रविवार माझे. तर ते म्हणाले, "मग दर रविवारी गाडीमागं अर्धा लिटर पेट्रोल कारखान्याचं लिवून घ्या." अर्जुनाच्या कागदाबद्दल म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. घेतील किंवा नाही. मी प्रत्येक बैठकीला दारात बसणार आहे.

गेल्या रविवारी अकरावा धडा घेतला. बिराप्पानं बांध फोडला, रान लोण्यासारखं झालं, वर पाचट पसरलं. मी म्हटलं, पहिला मी. दादासो आडवा आला. "मास्तर, तुमी साठीचं. हाडं हायती का खडं?" मी ऐकलं नाही. डबा बांधला, निघालो, आणि नेमका मधोमध माझा हात ब्रेकवर गेला. कविता मीच केलेली, चाल मीच लावलेली, आणि हात ब्रेकवर गेला! गाडी एकीकडं, मी एकीकडं. डब्याचा आवाज कराडपर्यंत गेला असेल.

मग बिराप्पा हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी फेल."

चिखलात पडल्या पडल्या मी इतका हसलो की त्यांना वाटलं, डोक्याला मार लागला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझा पेपर बरोबर तपासला होता. उठलो, दुसऱ्यांदा गेलो, पार झालो. मग ते सात जण. दुपारपर्यंत सगळे चिखलाचे गणपती झाले होते, पण शेवटच्या फेरीला डबे गप्प होते. निघताना दादासो म्हणाला, "मास्तर, कारखान्याचा हप्ता कमी झाला न्हाई ते जाऊ द्या. मी घरी पोचूस्तोवर माझी कारभारीण दारात उभी असती. रोजच्या रोज. तिचा हप्ता कमी झाला बगा."

हे तुझ्या साहेबांना सांग. टाइप करून सांग, म्हणजे ऐकतील.

अकराही धडे झाले म्हणून आजच्या रविवारी सगळ्यांना सुट्टी दिलीय, सध्या मी सोप्यात बसून लिहितोय. सकाळचे नऊ झाले असतील. तुझी आई अंगणात मिरच्या पसरतेय. गाडी येतेय एक, लांबून. बुलेट नव्हे, बुलेटचा आवाज छातीत येतो, हा कानात येतो. दादासोचीही नव्हे. जावा असावी. आपल्या गावात जावा कुणाकडं नाही. देवळापाशी खड्डे आहेत, तिथं भले भले हिसका देतात. हा देत नाही. वेग आधी उतरवला, मग वळला. कोण असेल बाबा? चालवणारा नीट शिकलेला दिसतो.

थांबली. आपल्याच दारात.

उतरतोय, वेळ लागतोय उतरायला. आणि

खड्, खडाक्.

माझा डबा माझ्यासमोर खुंटीला आहे.

— मधे शाईची दौत लवंडली, ते डाग तसेच राहू देत. लालासाहेब, दारात अर्जुना आहे. काठी सीटला बांधलेली, उजवा फूटरेस्ट पुढं सरकवून घेतलेला, त्यावर तो पाय सरळ ठेवून सांगलीपासून आलाय. सीटमागं डिंकाच्या लाडवांचा आमचा डबा सुतळीनं बांधलाय. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तरी तो उंबऱ्याच्या आत येत नाही. माझ्याकडं बघतोय, मिरजेला बघत होता तसा. मी विचारलं, गाडी कुणाची? म्हणाला, "थोरल्या दादानं घेतली. इमा पुरा भरलाय म्हणाला, एक पैसा सूट न्हाई."

आणि मग म्हणाला, "कविता पाठ हाय, मास्तर. आता धडा घ्या."